साक्ष, मोहोर आणि किल्ली : मानवी हक्क गटांच्या सुरक्षित नोंद-प्रशिक्षणाची चिकित्सा

प्रस्तावना

मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांजवळ सत्ता नसते, न्यायनिवाड्याचा अधिकार नसतो आणि बहुधा पुरेसा पैसाही नसतो. त्यांच्याजवळ असते ती पीडितांनी व प्रत्यक्षदर्शींनी विश्वासाने सांगितलेली हकीकत. ही हकीकत टिपून घेणे, ती सुरक्षित राखणे आणि योग्य वेळी न्यायालयापुढे, चौकशी आयोगापुढे किंवा समाजापुढे मांडणे हे या संस्थांचे प्रधान कार्य होय. संगणकाच्या प्रसारानंतर या कार्यासाठी खास सॉफ्टवेअर तयार झाली आणि ती वापरण्याचे प्रशिक्षण आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लहानमोठ्या गटांना दिले जाऊ लागले. या प्रशिक्षणाविषयीचे लेखन बहुतांशी मार्गदर्शक पुस्तिकांच्या स्वरूपाचे आहे. सॉफ्टवेअर कसे वापरावे हे त्यात सविस्तर येते. परंतु सॉफ्टवेअरमध्ये शिरताना साक्षीचे नेमके काय होते, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात ‘मार्तुस’ या सॉफ्टवेअरला केंद्रस्थानी ठेवून या प्रशिक्षणदृष्टीची चिकित्सा केली आहे.

नोंदीची पूर्वपीठिका

सुरक्षित नोंद ही संगणकाने दिलेली देणगी आहे, असा एक समज आढळतो. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असतानाच, १९७९ पासून, कार्डिनल पाउलो एव्हारिस्तो आर्न्स आणि धर्मोपदेशक जेमी राइट यांच्या आश्रयाने एक गुप्त प्रकल्प चालला. लष्करी न्यायालयातील खटल्यांची कागदपत्रे वकिलांना चोवीस तासांसाठी बाहेर नेता येत असत. त्या मुदतीत त्यांच्या छायाप्रती काढून घेतल्या जात. अशा रीतीने ७०७ खटल्यांची सुमारे दहा लाख पाने जमा झाली. ती सूक्ष्मपटावर उतरवून देशाबाहेर पाठविण्यात आली आणि १९८५ मध्ये त्यांवर आधारित ग्रंथ प्रसिद्ध झाला. राजवटीच्याच न्यायालयांनी नोंदवून ठेवलेल्या आरोपींच्या छळाच्या हकीकती अशा प्रकारे राजवटीविरुद्धच पुरावा ठरल्या. चिलीत १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ या चर्चप्रणीत संस्थेने बेपत्ता व्यक्तींची जी प्रकरणवार दप्तरे ठेवली, ती पुढे सत्यशोधन आयोगाला उपयोगी पडली.

या दोन्ही उदाहरणांत सुरक्षिततेची तत्त्वे स्पष्ट दिसतात. प्रत एकापेक्षा अधिक ठिकाणी असावी, तिच्यापैकी एक तरी सत्तेच्या हाताबाहेर असावी, काम करणाऱ्यांना एकमेकांविषयी गरजेपुरतेच ठाऊक असावे आणि मूळ कागदाशी प्रतीचा संबंध सिद्ध करता यावा. संगणकीय साधनांनी याच तत्त्वांना यांत्रिक रूप दिले.

नोंदीच्या पद्धतीला शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘ह्युरिडॉक्स’ या संस्थेकडे जाते. घटना, कृत्य, व्यक्ती, माहितीचा स्रोत आणि हस्तक्षेप अशा वेगवेगळ्या घटकांत हकीकतीची विभागणी करणारे प्रमाणित नमुने तिने तयार केले. अमेरिकी संशोधक पॅट्रिक बॉल यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘कोणी, कोणावर, काय केले’ हा प्रश्न नोंदीचा पाया मानला. एका घटनेत अनेक पीडित असू शकतात, एका पीडितावर अनेक अत्याचार होऊ शकतात आणि प्रत्येक अत्याचाराचा कर्ता वेगळा असू शकतो. ‘एक प्रकरण, एक पीडित, एक अत्याचार’ अशी सोपी नोंद केल्यास सत्याचा मोठा भाग गळून पडतो, हे त्यांचे प्रतिपादन आजही मान्य करावे लागते.

मार्तुस : रचना व विशेष

कॅलिफोर्नियातील ‘बेनेटेक’ या ना-नफा संस्थेने २००३ मध्ये मार्तुस हे सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले. ते विनामूल्य व मुक्तस्रोत होते. ‘मार्तुस’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार. याच शब्दापासून युरोपीय भाषांत हौतात्म्यवाचक शब्द निर्माण झाले. मराठीत ‘साक्षी’ आणि ‘हुतात्मा’ हे शब्द परस्परांपासून दूर आहेत. ग्रीक परंपरेत मात्र साक्ष देणे व त्यापायी प्राण गमावणे यांतील अंतर एका शब्दात नाहीसे झाले. ज्या साधनाचे हे नाव आहे त्याने हे अंतर पुन्हा निर्माण करावे, म्हणजे साक्ष टिकावी आणि साक्षीदारही जगावा, ही अपेक्षा रास्त ठरते.

मार्तुसची रचना या अपेक्षेला बऱ्याच अंशी उतरली. प्रत्येक नोंद संगणकावर कूटबद्ध स्वरूपात साठविली जाई आणि तिची प्रत परदेशातील सर्व्हरवर जाई. कार्यालयावर छापा पडला, संगणक चोरीला गेला वा जळाला तरी नोंद शिल्लक राही. नोंदीचे खासगी व सार्वजनिक असे दोन भाग करता येत. क्षेत्रीय कार्यकर्त्याने केलेली नोंद मुख्य कार्यालयाला वाचता येईल अशी व्यवस्था होती. कच्ची नोंद सुधारता येई. मात्र एकदा मोहोरबंद केलेली नोंद कोणालाही, लिहिणाऱ्यालाही, बदलता येत नसे. आपल्याकडील पंचनाम्याच्या लाखेच्या मोहोरेशी या कल्पनेचे साम्य आहे. पंचनाम्यातील मजकूर खरा की खोटा हे मोहोर सांगत नाही. मोहोर लागल्यानंतर त्यात फेरफार झालेला नाही, एवढेच ती सांगते.

या सर्व व्यवस्थेची किल्ली वापरकर्त्याच्या परवलीच्या शब्दात होती. तो विसरला आणि किल्लीची प्रत ठेवलेली नसली तर नोंदी कायमच्या बंद होत. बेनेटेकलाही त्या उघडता येत नसत. ही गोष्ट गैरसोयीची वाटली तरी साधनाच्या प्रामाणिकपणाची ती खूण होती. कारण निर्मात्याला जे उघडता येते ते निर्मात्यावर दबाव आणून उघडविताही येते. किल्लीचे भाग करून ते वेगवेगळ्या विश्वासू व्यक्तींकडे ठेवण्याची सोयही त्यात होती. थायलंडच्या सीमेवरून काम करणाऱ्या ब्रह्मी गटांनी २००४ मध्ये स्थापन केलेल्या नोंद-जाळ्याने हे साधन स्वीकारले. विखुरलेले, वेगवेगळ्या भाषा बोलणारे आणि निर्वासित अवस्थेत असलेले गट एका नमुन्यात नोंद करू लागले, हे या साधनाचे मोठे यश मानावे लागेल.

‘म्हणे’चे स्थान : भाषा आणि नमुना

तथापि, प्रशिक्षणाचा भर किल्ली, परवलीचा शब्द व प्रती यांवर राहिला तर साक्षीच्या भाषेकडे दुर्लक्ष होते. मराठी बोलणारी व्यक्ती ‘पोलीस रात्री आले’ आणि ‘पोलीस रात्री आले म्हणे’ यांत सहज भेद करते. पहिल्या वाक्याची जबाबदारी बोलणारा घेतो. दुसऱ्याची घेत नाही. नमुन्यातील रकान्यांत दिनांक, ठिकाण, पीडिताचे नाव आणि कर्ता भरताना हा ‘म्हणे’ प्रथम गळतो. रकान्यात उरते ते निखळ विधान. उलटतपासणीत साक्षीदाराने ‘मी ते पाहिले नव्हते, ऐकले होते’ असे सांगितले की नोंद खोटी ठरते. वास्तविक साक्षीदार खोटे बोललेला नसतो, लिहिणाऱ्याने त्याचे बोलणे बदललेले असते. अशी नोंद मोहोरबंद केल्यास चूकही मोहोरबंद होते.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. पेरूमधील सत्य व सलोखा आयोगाने २००३ मध्ये सादर केलेल्या अहवालासाठी सुमारे १७ हजार जबान्या घेतल्या गेल्या. मृत व बेपत्ता व्यक्तींपैकी सुमारे ७५ टक्के व्यक्तींची मातृभाषा केचुआ वा अन्य देशी भाषा होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. केचुआ भाषेत ‘स्वतः अनुभवलेले’ आणि ‘दुसऱ्याकडून ऐकलेले’ यांसाठी वेगवेगळे प्रत्यय आहेत. स्पॅनिश भाषेच्या व्याकरणात असे प्रत्यय नाहीत. साहजिकच, केचुआत सांगितलेली हकीकत स्पॅनिश रकान्यात भरताना हा भेद जाणीवपूर्वक राखला नाही तर तो नाहीसा होण्याची शक्यता मोठी असते. ज्या समाजांवर अत्याचार अधिक झाला त्यांचीच भाषा नमुन्याच्या भाषेपासून सर्वाधिक दूर असावी, यात राज्यसत्ता व भाषा यांचे जुने नाते प्रतिबिंबित झालेले आहे.

मार्तुसचा पडदा अनेक भाषांत भाषांतरित झालेला होता आणि नोंदीचे रकाने गटाला स्वतः ठरविता येत असत. म्हणजे उणीव साधनात कमी आणि प्रशिक्षणाच्या क्रमात अधिक होती. ‘हे तुम्ही पाहिले, ऐकले, की अनुमान केले’ हा रकाना प्रत्येक विधानासमोर ठेवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. तो ठेवावा असे वाटण्यासाठी मात्र प्रशिक्षकाने सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी प्रशिक्षणार्थींशी त्यांच्या भाषेविषयी बोलले पाहिजे.

सुरक्षित नोंद आणि संपूर्ण सत्य

दुसरा प्रश्न मोजणीचा आहे. नोंदी सुरक्षित आहेत यावरून त्या प्रातिनिधिक आहेत असे सिद्ध होत नाही. जेथे कार्यकर्ता पोहोचतो तेथील अत्याचार नोंदविला जातो. जेथे रस्ता नाही, तेथील अत्याचार नोंदीत शून्य दिसतो. पेरूच्या आयोगाने नावानिशी नोंदविलेल्या मृत व बेपत्ता व्यक्तींची संख्या २३,९६९ होती. निरनिराळ्या यादींत एकच नाव किती वेळा येते हे पाहून, कोणत्याच यादीत नसलेल्यांचे अनुमान करण्याच्या सांख्यिकी पद्धतीने, आयोगाने एकूण संख्या ६९,२८० असावी असे म्हटले. २०१९ मध्ये सिल्व्हिओ रेंदोन यांनी या अनुमानावर आक्षेप घेऊन सुमारे ४८ हजार ही संख्या सुचविली आणि मूळ अनुमानाच्या बाजूने त्याला उत्तरही दिले गेले. या वादात कोणाची बाजू बरोबर हा येथील विषय नाही. महत्त्वाचे हे की, सोळा वर्षांनंतर असा वाद घालता आला. कारण मूळ नोंदी नावानिशी व स्रोतानिशी जतन झालेल्या होत्या. तिजोरीत ठेवलेली माहिती पुन्हा तपासता येणार असेल तरच तिजोरीला अर्थ आहे.

भारतातील उदाहरण अधिक बोलके आहे. पंजाबमधील दहशतवादविरोधी कारवाईच्या काळात जसवंतसिंग खालडा यांनी अमृतसर जिल्ह्यातील स्मशानांच्या नोंदवह्या व सरणासाठी दिलेल्या लाकडांच्या नोंदी तपासल्या आणि ‘बेवारस’ म्हणून जाळलेल्या मृतदेहांचा प्रश्न पुढे आणला. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांचे अपहरण झाले व नंतर हत्या झाली. या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या पोलिसांची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीत २,०९७ अंत्यसंस्कारांची नोंद झाली. त्यांपैकी ५८५ मृतदेहांची पूर्ण ओळख, २७४ मृतदेहांची अंशतः ओळख पटली आणि १,२३८ मृतदेह अनोळखीच राहिले. २००९ मध्ये ‘एन्साफ’ या संस्थेने, तेव्हा बेनेटेकमध्ये असलेल्या सांख्यिकी गटासह, पंजाबातील हिंसेचा संख्यात्मक अभ्यास प्रसिद्ध केला.

या घटनाक्रमातून प्रशिक्षणासाठी दोन बोध निघतात. एक, मोठा पुरावा कित्येकदा पीडिताच्या जबानीबरोबरच नगरपालिकेच्या साध्या हिशेबवहीत असतो. म्हणून कार्यकर्त्याला सरकारी दप्तर वाचता आले पाहिजे. दोन, खालडा यांच्या वह्या सुरक्षित राहिल्या तरी खालडा सुरक्षित राहिले नाहीत. कूटलेखन कागदाचे रक्षण करते. कागद जमविणाऱ्या माणसाच्या रक्षणासाठी वकील, पत्रकार, शेजारी आणि संघटना यांचे जाळे लागते. संगणक-सुरक्षेच्या प्रशिक्षणात हे जाळे बांधण्याला स्थान नसेल तर ते अपुरेच म्हणावे लागेल.

संमतीचा प्रश्न

साक्षीदाराने ‘लिहून घ्या’ म्हटले याचा अर्थ त्याने ‘कोणालाही दाखवा’ असे म्हटले, असा होत नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जून २०२१ मध्ये असे म्हटले की, बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांची नोंदणीच्या वेळी घेतलेली माहिती बांगलादेश सरकारमार्फत म्यानमारकडे गेली. किमान ८ लाख ३० हजार नावे अशा प्रकारे दिली गेली आणि संमतीचा तपशील ज्या पावतीवर होता ती इंग्रजीत होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने आपण संमती घेतल्याचे सांगून या निष्कर्षाशी मतभेद दर्शविला. वाद काहीही असो, ज्या सत्तेपासून माणसे पळाली तिच्याकडेच त्यांची यादी जाणे ही या क्षेत्रातील सर्वांत गंभीर शक्यता होय. जानेवारी २०२२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरमध्ये शिरकाव झाला आणि ५ लाख १५ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती उघडी पडली. साधनसंपन्न संस्थांची ही स्थिती असेल तर लहान गटांना सर्वप्रथम शिकवावयाची गोष्ट म्हणजे काय लिहू नये ही होय. जी माहिती गोळाच केली नाही ती चोरीला जात नाही. दुर्दैवाने नमुन्यातील रिकामा रकाना कार्यकर्त्याला अस्वस्थ करतो आणि तो भरण्याचा मोह होतो.

भारतीय कायदा आणि महाराष्ट्राचा संदर्भ

परदेशात तयार झालेली प्रशिक्षणपद्धती भारतात जशीच्या तशी आणता येत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ नुसार सक्षम अधिकाऱ्याने आदेश दिल्यास कूटबद्ध माहिती उघडण्यास साहाय्य न करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आरोपीच्या बाबतीत येथे संविधानाच्या अनुच्छेद २० (३) चाही प्रश्न उपस्थित होतो. ‘परवलीचा शब्द कोणालाही सांगू नका’ एवढे शिकवून थांबणारा प्रशिक्षक प्रशिक्षणार्थीला अर्धवट ज्ञान देतो.

संगणकीय पुराव्याच्या ग्राह्यतेचा महत्त्वाचा निर्णय तर महाराष्ट्रातूनच उद्भवला आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ मधील निवडणुकीच्या वादातून अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मूळ उपकरण हजर केले नसेल तर संगणकीय प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्य देणे अपेक्षित आहे. हॅश मूल्य म्हणजे संगणकीय फाइलचा गणिती ठसा. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी तो ठसा बदलतो. लाखेच्या मोहोरेची ही नवी आवृत्ती कायद्याने स्वीकारली आहे. परंतु ती केव्हा लावली याला महत्त्व आहे. चित्रफीत अनेक हातांतून गेल्यावर काढलेला ठसा मधल्या काळाविषयी काहीच सांगत नाही.

पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये तपास केलेल्या व पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेलेल्या भीमा कोरेगाव प्रकरणात हाच मुद्दा वेगळ्या बाजूने पुढे आला. एका आरोपीच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून कागदपत्रे ठेवण्यात आली, असा निष्कर्ष ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०२१ मधील अहवालात काढला. तपास यंत्रणेने तो स्वीकारलेला नाही आणि त्याची सत्यासत्यता ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. मात्र या वादाने सुरक्षिततेच्या कल्पनेतील एक उणीव दाखवून दिली. माहिती बाहेर जाऊ नये एवढाच विचार आजवर प्रामुख्याने झाला. आपली नसलेली माहिती आपल्या संगणकात येऊ नये, आणि आलीच तर ती आपली नाही हे दाखविता यावे, हा विचारही तितकाच आवश्यक आहे. कूटबद्ध तिजोरी या दुसऱ्या धोक्यापासून पुरेसे संरक्षण देत नाही, कारण शिरकाव करणारा मालकाच्याच संगणकावर, मालकाच्याच नावाने काम करू शकतो.

साधनाचे आयुष्य

बेनेटेकने २०१८ मध्ये मार्तुस बंद केले. पंधरा वर्षे ही सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दीर्घ कारकीर्द होय. परंतु गुन्ह्याच्या दृष्टीने ती अल्प आहे. खालडा प्रकरणात अंतिम निकालाला सोळा वर्षे लागली. म्हणजे नोंदीचे अपेक्षित आयुष्य साधनाच्या आयुष्यापेक्षा अधिक असते. जे गट मार्तुसमध्ये पारंगत झाले त्यांना नोंदी दुसरीकडे हलवाव्या लागल्या. ह्युरिडॉक्सचे ‘उवाझी’, ‘टेला’ यांसारखी साधने आज उपलब्ध आहेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील केंद्राने २०२० मध्ये मांडलेल्या बर्कले संहितेमुळे डिजिटल तपासाचे समान निकषही निर्माण झाले आहेत. हीही साधने कधीतरी जुनी होतील. कोणते साधन वापरावे याइतकेच, त्या साधनातून सर्व नोंदी वाचता येण्याजोग्या रूपात बाहेर कशा काढाव्यात, हे पहिल्याच दिवशी शिकविले पाहिजे. मुक्तस्रोत असणे ही या बाबतीत जमेची बाजू आहे. पण मुक्तस्रोत साधनही दुरुस्त करणारे हात व पैसा नसेल तर निरुपयोगी होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मार्तुसने निर्मात्यालाही न उघडता येणारी नोंद, मोहोरबंद मजकूर व दूरस्थ प्रत ही तत्त्वे लहान गटांच्या आवाक्यात आणली. हे त्याचे योगदान स्थायी स्वरूपाचे आहे.

२. साधनाची सुरक्षितता व साक्षीची विश्वसनीयता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पाहिलेले, ऐकलेले व अनुमानलेले यांतील भेद साक्षीदाराच्या भाषेतच टिपण्याचे शिक्षण संगणक उघडण्यापूर्वी दिले पाहिजे.

३. नोंदींची संख्या म्हणजे अत्याचारांची संख्या नव्हे, याची जाणीव प्रत्येक प्रशिक्षणार्थीला असली पाहिजे.

४. संमती ही एकदा घेतलेली सही नसून प्रत्येक नव्या वापराच्या वेळी विचारावयाचा प्रश्न आहे. आणि अनावश्यक माहिती न लिहिणे हा सुरक्षिततेचा पहिला नियम आहे.

५. भारतात असे प्रशिक्षण कलम ६९, साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ व हॅश मूल्य यांच्या माहितीशिवाय अपुरे आहे. विधी महाविद्यालये, संगणकशास्त्राचे विभाग व भाषाविभाग यांनी एकत्र येऊन ते मराठीतून देणे शक्य आहे.

६. साधन संपल्यानंतरही नोंद उरेल अशी तरतूद हा प्रशिक्षणाचा अविभाज्य भाग असावा.

साक्षीदार आपली हकीकत एका माणसाला सांगतो, यंत्राला नव्हे. त्या माणसाने ती ज्या काळजीने ऐकली त्याच काळजीने लिहिली आणि राखली, तरच मोहोर व किल्ली यांना अर्थ प्राप्त होतो. सुरक्षित नोंदीच्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन अखेरीस याच कसोटीवर करावे लागेल.